सत्तावीस मिलिमीटर

ही गोष्ट दोन हजार चार सालची. साल पक्कं आठवतं, कारण त्या सालची माझी वही अजून कपाटात आहे. मी चौतीस वर्षं वेधशाळेत निरीक्षक होते. निवृत्त झाल्यावर बायका भरतकाम शिकतात, गाणं शिकतात. मला सकाळी उठून काहीतरी मोजल्याशिवाय चहा गोड लागत नसे. म्हणून गच्चीवर एक तापमापक, पावसाचं एक भांडं आणि खाली ही वही. तर त्या वहीत मार्च महिन्यात, किमान तापमानाच्या शेजारी, एकाएकी दोन नवे रकाने सुरू होतात. 'उजवा' आणि 'डावा'. पहिली नोंद : उजवा २७, डावा २६. याचा हवामानाशी काही संबंध नाही. संबंध आमच्या ह्यांच्याशी आहे.

झालं असं, की हे आपल्या चष्म्यावर बसले.

माणूस एकदा चष्म्यावर बसला तर त्याला अपघात म्हणता येतं. हे वर्षातून दोनदा बसत, आणि बसल्यावर खालूनच विचारत, "अगं, माझा चष्मा कुठे दिसतोय का?" तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस. अर्ध्या शहराचे व्हॉल्व्ह त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांच्या मते जगात अडचणी दोनच प्रकारच्या : कुठेतरी गळतंय, नाहीतर कुठेतरी तुंबलंय. आमच्या संसारालाही त्यांनी हाच नियम लावला होता, आणि खरं सांगायचं तर तो बऱ्यापैकी लागू पडे.

तेव्हा नवा चष्मा करायला आम्ही कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेलो. एवढंच काम होतं. अर्ध्या तासाचं.

चष्मेवाल्याने नुकतंच एक यंत्र आणलं होतं. डोळ्याचा दाब मोजायचं. नवीन यंत्र आणलेल्या माणसासमोर आपण बसलो की त्याची आपल्यावर माया जडते. "बसा काका, हनुवटी इथे ठेवा, समोरचा हिरवा ठिपका बघा," तो म्हणाला आणि यंत्राने ह्यांच्या डोळ्यावर फुस्सकन हवा मारली. हे असे उसळले, की चाकांची खुर्ची मागे गेली आणि चष्म्यांच्या मांडणीवर आदळली. चाळीसेक फ्रेमा जमिनीवर. चष्मेवाला गुडघ्यांवर बसून त्या गोळा करत होता आणि तसाच खालून म्हणाला, "काका, दाब जरा जास्त आहे हो. दहा ते एकवीस चालतो. तुमचा सत्तावीस आहे."

"सत्तावीस काय?" मी विचारलं.

"मिलिमीटर. पाऱ्याचे."

इथे माझे कान टवकारले. पाऱ्याचे मिलिमीटर! अहो, जन्म गेला माझा त्या पाऱ्यापुढे. म्हणजे डोळा हा एक छोटा बॅरोमीटरच की. त्या क्षणी मला वाटलं, या विषयावर बोलण्याचा अधिकार या घरात फक्त मला आहे.

"मला काही होत नाही," हे डोळा चोळत म्हणाले. "दुखत नाही, खुपत नाही."

"तेच तर वाईट असतं काका," चष्मेवाला म्हणाला. "काचबिंदू दुखत नाही. नसेलही तुम्हाला. पण एकदा बघून घ्या."

काचबिंदू म्हटल्यावर माझा सगळा रुबाब गळाला. माझ्या वडिलांना तो झाला होता. तेव्हा त्याचं नावही आम्हाला धड माहीत नव्हतं. वडील समोर बसलेल्या माणसाच्या शर्टाचं तुटकं बटण सांगत, पण शेजारची खुर्ची त्यांना दिसत नसे. चहाचा कप घेताना आधी टेबलाची कड चाचपत. सगळे म्हणत, वय झालं. मग एके दिवशी समोरचं बटणही दिसेनासं झालं. शेवटची सहा वर्षं ते पेपर पूर्वीसारखाच उघडून धरत आणि आईला म्हणत, "वाच." त्या धरलेल्या पेपरची मला भीती वाटते. त्या दिवशी दुकानातून घरी येताना मी मनाशी एकच गोष्ट ठरवली : ह्यांच्यावर ती पाळी येऊ द्यायची नाही.

आता कोणीही शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला असता. पण मी वेधशाळेची. एका नोंदीवरून आम्ही काहीही म्हणत नाही. निदान आठवड्याच्या नोंदी हव्यात, त्याही ठरलेल्या वेळी. म्हणून मी ह्यांना रोज सकाळी साडेआठला चष्मेवाल्याकडे नेऊ लागले. पहिल्या दिवशी त्याने चहा विचारला. तिसऱ्या दिवशी चहा गेला. पाचव्या दिवशी तो आम्हाला बघून काउंटरखाली बसला, आणि सहाव्या दिवशी यंत्रावर चिठ्ठी होती : 'बंद आहे.' तोवर माझा आलेख तयार झाला होता. आलेखाच्या कागदावर, लाल आणि निळ्या पेन्सिलीने. तो मी फ्रिजच्या दारावर लावला. सुरेख आला होता.

इकडे ह्यांनी आपल्या परीने उपाय सुरू केला होता. दाब वाढलाय, म्हणजे आवक जास्त आणि निचरा कमी. निचऱ्याचं डॉक्टर बघतील, आवक आपल्या हातात आहे. म्हणून ह्यांनी पाणी पिणं बंद केलं. दोन दिवस मला पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी जिन्यात चक्कर येऊन कठड्याला धरून उभे राहिले, तेव्हा उघडकीला आलं. आयुष्यभर लोकांचं पाणी तोडलेल्या माणसाने शेवटी स्वतःचंही तोडलं होतं.

त्या चक्करेमुळे बातमी इमारतभर झाली आणि वरच्या मजल्यावरच्या ताई खाली आल्या. ताईंचं आणि माझं तेव्हा जरा बिनसलेलं होतं. म्हणजे माझं नव्हतं, त्यांचं होतं. आल्या आल्या म्हणाल्या, "वहिनी, भावजींचं कळलं म्हणून आले हो. नाहीतर तुम्ही काय, हल्ली ओळखसुद्धा दाखवत नाही."

"मी? कधी?"

"परवा बाजारात. तुमच्या अगदी डाव्या हाताला उभी होते. दोनदा हात केला. तुम्ही सरळ पुढे! भाजीवाली हसली मला."

"लक्ष नसेल हो ताई. ह्यांची काळजी."

"त्याआधी जिन्यातही तेच. तेव्हा कुठे होती काळजी?"

मी विषय बदलण्यासाठी उठले आणि चहाचा ट्रे घेऊन आले. येताना डाव्या बाजूचं स्टूल पायात आलं आणि एक कप गेला. त्या महिन्यातला तिसरा. "हे रोज हे स्टूल सरकवून ठेवतात," मी म्हटलं. "मी हातही लावत नाही त्याला!" हे आतून ओरडले. लग्नाच्या छत्तिसाव्या वर्षी नवऱ्याने स्टुलावरून धडधडीत खोटं बोलावं याचं मला वाईट वाटलं.

ताईंचे यजमान शाळेत कसरतमास्तर होते. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिटी सुटली नव्हती. त्यांनी फ्रिजवरचा आलेख पाठीमागे हात बांधून पाहिला आणि म्हणाले, "सोपं आहे. डोक्यावर उभं राहायचं. डोळ्यांना रक्तपुरवठा वाढतो, सगळा मळ धुऊन निघतो. माझ्याकडे बघा. चष्मा आहे का?"

मास्तरांना चष्मा नव्हता हे खरं. पण ते पेपर हात लांब करून वाचत, आणि अलीकडे त्यांचा हात पुरत नसे, हे मी तेव्हा बोलले नाही. मलाही धुऊन निघण्याची कल्पना बरी वाटली. ह्यांना तर फारच. पाइपलाइन धुताना उलट दिशेने पाणी सोडतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर घड्याळ घेऊन हजर. हॉलमध्ये मोकळी भिंत नाही, म्हणून त्यांनी ह्यांना न्हाणीघराच्या बंद दाराला टेकवून उलटं उभं केलं. ते दार आत उघडतं. आणि आत मी होते. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी कपडे पिळून बाहेर यायला कडी काढली, दार ओढलं, आणि आमचे हे उलटे आत आले. पाय बादलीत. बाहेरून मास्तर आनंदाने ओरडले, "अठ्ठेचाळीस सेकंद!"

मान लचकली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून मानेचा पट्टा आला, आणि तो बांधायचं काम मास्तरांनी प्रायश्चित्त म्हणून अंगावर घेतलं. शाळेत तंबू ताणायची सवय. असा आवळला, की हे बोलले तर लांबून कोणी फोनवर बोलतंय असं वाटे. त्याच अवस्थेत मी ह्यांना चष्मेवाल्याकडे नेलं. यंत्रावरची चिठ्ठी अजून होती, पण पट्टा बघून त्याला दया आली. एकतीस! माझ्या आलेखाचा कागद तीसलाच संपत होता. वर जोडकागद चिकटवावा लागला. वडिलांचा उघडा पेपर डोळ्यांसमोरून हलेना.

मग मात्र आम्ही मोठ्या डोळ्यांच्या रुग्णालयात गेलो.

तिथे आधी केस पेपर काढावा लागतो. तो खिडकी क्रमांक दोनवर मिळतो. रांग लांब होती. मिळाल्यावर आम्ही बाकावर बसलो, आणि नंबर येईपर्यंत ह्यांनी भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचून काढला. त्यात लिहिलं होतं, की डोळ्याच्या आत एक पातळ द्रव सतत तयार होतो, आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर जातो. जाळीतून निचरा नीट झाला नाही की दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. हे वाचून ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अगं, हे तर आमच्याच खात्याचं काम आहे!" असं म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढलं, केस पेपर उलटा केला आणि डोळ्याचा उभा छेद काढला. आवक, टाकी, जाळी, निचरा. बाण वगैरे. शेजारचे चार रुग्ण वाकून बघू लागले. एक आजोबा तर, "डॉक्टर, माझा उजवा जरा बघता का?" असं ह्यांनाच म्हणाले, आणि ह्यांनी बघितलाही.

आमचा पुकारा झाला. दारावरच्या कारकुनाने कागद पाहिला. "हा खराब केलाय. नवीन काढून आणा."

खिडकी दोनवरचा म्हणाला, "जुना जमा केल्याशिवाय नवीन देता येत नाही. जमा खिडकी पाचला."

खिडकी पाचवरचा म्हणाला, "डॉक्टरांची सही असल्याशिवाय जमा कसा करू?"

आणि डॉक्टर सही नव्याच कागदावर करतात, हे दारावरच्या कारकुनाने आम्हाला पुन्हा एकदा, न रागावता, सांगितलं. "अहो, तो खराब नाहीये, त्यावर आकृती आहे," हे पट्ट्यातून म्हणाले. शेवटी एका परिचारिकेने त्या आकृतीवर एक कोरा कागद डिंकाने चिकटवला आणि सगळ्या खात्यांचं समाधान झालं. पण त्या दिवसापुरता आमच्याकडे तोच एक कागद राहिला, आणि बाईंनी बजावलं, "याचा नंबर सगळीकडे सांगायचा. दुसरा मिळणार नाही." हे लक्षात ठेवा. पुढे याला महत्त्व आहे.

डॉक्टरीण तिशीची असेल. शांत. तिने आधी पट्टा पाहिला. "हा कोणी आवळलाय?" तिने तो दोन बोटं जातील इतका सैल केला, ह्यांनी आठ दिवसांनी पहिला पूर्ण श्वास घेतला, आणि तिने निळ्या दिव्याच्या यंत्राने दाब मोजला. सव्वीस. "काका, गळा आवळला, श्वास रोखला, डोळे घट्ट मिटले की दाब वाढतो. डोक्यावर उभं राहिलं की तर फारच."

मी मास्तरांचं नाव घेणार होते. ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

"घरात कोणाला काचबिंदू होता?" तिने विचारलं.

"हो," मी तत्परतेने म्हणाले. "वडिलांना."

"काकांच्या?"

"नाही, माझ्या."

ती हसली. "काकू, सासऱ्यांचा काचबिंदू जावयाला येत नाही. मुलीला येऊ शकतो. तुम्हीही तपासून घ्या एकदा."

"मला काय धाड भरलीय," मी म्हटलं. "मला सगळं दिसतं."

दिवसभर दर दोन तासांनी दाब मोजायचा असं ठरलं, कारण तो दिवसात खालीवर होतो. मी वही आणि पेन्सिली घेऊनच गेले होते. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. मधल्या वेळात नजरेच्या पसाऱ्याची तपासणी होती. म्हणजे सरळ बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते. अंधारी खोली, अर्ध्या कापलेल्या कलिंगडासारखं एक मोठं पांढरं भांडं, त्यात हनुवटी ठेवायची, एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडे टक लावायची, आणि कडेला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्रावर एक तरुण मुलगी होती.

ह्यांना ते काही केल्या जमेना. दिवा लागला की हे तिकडे बघत. मान वळत नसल्यामुळे खुर्चीसकट वळत.

"काका, मधे बघा!"

"अहो पण दिवा तिकडे लागला!"

"तो लागू दे हो. तुम्ही मधेच बघायचं."

"मग तो लावता कशाला?"

यंत्र कुरकुरू लागलं. मुलगी रडकुंडीला आली. "काकू, तुम्ही जरा समजावून सांगा ना यांना."

"सांगते कशाला? करून दाखवते," मी म्हटलं. "सरका हो. बघा, निरीक्षण कसं करतात ते."

मी बसले. आधी डावा डोळा, मग उजवा. दगडासारखी बसले. चौतीस वर्षं पाऱ्याच्या रेषेशी डोळा जुळवलेली बाई मी. ठिपक्यावरून नजर केसभर हलली नाही. यंत्र मात्र फार बेभरवशाचं वाटलं. डाव्या डोळ्याच्या वेळी तर मधूनमधून बराच वेळ एकही दिवा लागत नव्हता. म्हटलं, सार्वजनिक यंत्र आहे, दमत असेल. शेवटी मुलीने कागद काढून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "काकू, डावा परत एकदा करू या?" मला वाटलं, नमुना म्हणून पाहिजे असेल. मी आनंदाने केला.

दुपारी परत हे बसले, आणि खुर्ची मी मागून धरून ठेवल्यामुळे त्यांचंही एकदाचं पार पडलं. सगळे कागद आमच्या एकुलत्या एका नंबरवर निघाले आणि त्या केस पेपरला टाचले गेले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सगळं समोर पसरलं. दिवसभराचे आकडे चोवीस ते सव्वीस. "काका, तुमच्या डोळ्याची पुढची काच जन्मतःच जाड आहे. यंत्र ती दाबून बघतं, जाड काचेला जोर जास्त लागतो, म्हणून आकडा फुगतो. खरा दाब यापेक्षा कमी आहे. मागची नस छान आहे. दर सहा महिन्यांनी दाखवा, बाकी काही नको. आणि पाणी प्या. फक्त एका दमात लिटरभर नको."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं, आणि थोडं लाजेचं. कारण वेधशाळेतल्या बॅरोमीटरशेजारी खिळ्याला एक तक्ता टांगलेला असे : कोणत्या तापमानाला वाचनातून किती वजा करायचे. ती दुरुस्ती केल्याशिवाय पाऱ्याचा आकडा खरा धरायचा नाही, हा आमचा पहिला धडा. तो मी नव्या पोरींना घोकून घोकून शिकवला, आणि नवऱ्याच्या डोळ्याचे कच्चे आकडे फ्रिजवर लावले!

"आता हे नजरेचे तक्ते," डॉक्टरीण म्हणाली. "हा दुपारचा ठीक आहे. हे सकाळचे, डाव्या डोळ्याचे दोन मात्र..." तिने भुवया वर केल्या. "यात डावीकडची खालची बाजू जवळजवळ काळी आहे. काका, सकाळी तुम्हाला जमत नव्हतं म्हणे. सरावाचे असतील. जाऊ द्या." असं म्हणून तिने ते दोन्ही कागद टेबलाखालच्या टोपलीकडे नेले. अर्ध्यात तिचा हात थांबला. "गंमत आहे पण. यात चूक एकही नाही. नजर एकदाही हललेली नाही. इतकी शिस्तीत केलेली तपासणी मी वर्षभरात पाहिली नाही."

आता मला सांगा, चौतीस वर्षं नोकरी करून ज्या बाईला वरच्या साहेबाने कधी 'ठीक' याच्या पलीकडे शेरा दिला नाही, तिने इथे गप्प बसावं का? ह्यांचं श्रेय म्हणून ते जावं?

"ती माझी आहे!" मी ताठ बसून म्हणाले. "दोन्ही वेळची. ह्यांना दाखवायला मी केली होती."

डॉक्टरीण माझ्याकडे बघत होती, आणि अभिमानाने हसणारं माझं तोंड हळूहळू बंद झालं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "वडिलांना होता म्हणालात ना?"

तिने मला यंत्रावर बसवलं. निळा दिवा. मी श्वाससुद्धा नियमाप्रमाणे घेतला. सोळा. दोन्ही डोळे सोळा!

"सोळा!" मी म्हटलं. "दहा ते एकवीस चालतो. मग झालं तर!"

"दाब चांगला आहे," ती म्हणाली आणि भिंगातून बराच वेळ आत बघत राहिली. "पण नस खचली आहे. डाव्याची जास्त. काकू, दाब वाढला म्हणजे काचबिंदू झालाच असं नाही, आणि दाब बरोबर आहे म्हणजे नाहीच असंही नाही. काही नसा नाजूक असतात. त्यांना सोळाही झेपत नाही."

मला माझे पहिले साहेब आठवले. म्हातारे, तोंडात नेहमी विझलेली विडी. मी नवी असताना एकदा पारा चढलेला पाहून, 'हवा स्वच्छ, कोरडी' असं लिहून त्यांच्यापुढे वही ठेवली होती. त्यांनी खिडकी उघडली. बाहेर धो धो पाऊस. "बाई," ते म्हणाले, "पारा वाचून झाला, की एकदा खिडकीबाहेरही बघत जा." आणि तेव्हा माझ्यासमोर माझी स्वतःची खिडकी उघडली. स्टूल. तीन कप. बाजारातल्या ताई. टेबलाची कड चाचपणारा माझ्या वडिलांचा हात. सगळं डावीकडे होतं, आणि मी इतके दिवस दुसऱ्याच माणसाचा पारा वाचत बसले होते.

"गेलेलं परत येतं का?" मी विचारलं.

"नाही. पण राहिलेलं सांभाळता येतं. रोज थेंब, न चुकता. दाब सोळावरून बारापर्यंत आणायचा."

हे पट्ट्यातून घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे हिचं तुंबलेलं नाही. लाइन जुनी आहे."

डॉक्टरीण म्हणाली, "अगदी बरोबर काका."

"जुन्या वस्तीत आम्ही पंप निम्म्यावर चालवायचो. फुटत नाही मग. पन्नास पन्नास वर्षं टिकते लाइन." असं म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढलं, आणि डॉक्टरीणबाईंनी तत्काळ केस पेपर आपल्याकडे ओढून घेतला.

माझा केस पेपर काढायला दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. तोवर माझे तक्ते ह्यांच्या नंबरवर होते, आणि ते तिथून काढून माझ्या नंबरवर घ्यायला चार खिडक्या आणि अकरा दिवस लागले. पण ते सांगत बसले तर रात्र व्हायची.

रुग्णालयातून बाहेर पडलो. हे नेहमी माझ्या उजव्या हाताला चालत, सवयच तशी. फाटकाशी त्यांनी मला थांबवलं, मागून वळसा घातला आणि डाव्या बाजूला आले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "स्टूल मी सरकवत नव्हतो."

"कळलं."

"एक वर्ष ऐकतोय."

"कळलं म्हटलं ना!"

आता यातल्या कोणाचं काय झालं ते सांगते, म्हणजे मी सुटले.

चष्मेवाल्याने दुकान वाढवलं. दाबाचं यंत्र अजून आहे, त्याची मुलगी चालवते. ती डोळ्यांचं रीतसर शिकली आहे. आम्ही गेलो की तो अजूनही क्षणभर काउंटरखाली बघतो.

ताईंकडे मी दुसऱ्याच दिवशी वर गेले आणि सगळं सांगितलं. त्यांना इतकं रडू आलं की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. त्यानंतर त्या मला नेहमी उजवीकडून हाक मारत. आणि अशी, की भाजीवाली दचके. तीन वर्षांपूर्वी त्या मुलाकडे राहायला गेल्या. फोनवरही तशाच ओरडतात. माझ्या कानांना काही झालेलं नाही, हे मी त्यांना सांगून दमले.

मास्तरांना त्याच पावसाळ्यात चष्मा लागला. त्यांनी तो फक्त घरात घातला. नव्वदाव्या वर्षी झोपेत गेले. शिटी गळ्यातच होती.

यंत्रावरची मुलगी आता त्या रुग्णालयात त्या विभागाची प्रमुख आहे. नव्या मुलांना ती माझे ते पहिले तक्ते दाखवते, अशी मला बातमी आहे. एका कारणासाठी दाखवते की दोन, ते मी विचारलेलं नाही. डॉक्टरीणबाईंचे केस माझ्याइतके पिकत आले. मी गेले की म्हणतात, "काकू, नजर हलवू नका," आणि दोघी हसतो. नवरा-बायको दोघेही तपासून घ्या, असं त्या आता दारावरच लिहून ठेवतात. खिडकी पाच बंद झाली. तिचं काम आता खिडकी सातला होतं.

मी एक्याऐंशी वर्षांची आहे. एकवीस वर्षं रोज रात्री नऊला माझ्या डोळ्यांत थेंब पडतात, आणि वहीत 'उजवा' आणि 'डावा' हे रकाने अजून आहेत, फक्त माणूस बदलला. दर तपासणीचा आकडा : बारा, बारा, तेरा, बारा. डावीकडे खाली जो काळा तुकडा होता तो तेवढाच आहे. हे सगळं मी स्वतः, चष्मा लावून, माझ्या हाताने लिहिते आहे. पेपर मी अजून उघडून धरते, आणि वाचतेही मीच. ह्यांना वाचून दाखवावा लागतो, पण तो डोळ्यांमुळे नव्हे. चष्मा सापडत नाही म्हणून.

थेंब हेच घालतात. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण हात स्थिर. एक थेंब, झाकण बंद, मग म्हणतात, "लाइन ठीक आहे." संध्याकाळी आम्ही दोघे फिरायला जातो तेव्हा ते डावीकडून चालतात, कोपर माझ्या कोपराला लावून. परवा बागेत दोन कॉलेजच्या मुली आमच्याकडे बघून एकमेकींना म्हणाल्या, "किती गोड ना, अजून हातात हात घालून चालतात." मी त्यांचा गैरसमज दूर करणार होते, की यात गोड वगैरे काही नाही, हा पाणीपुरवठा खात्याचा बंदोबस्त आहे. पण तेवढ्यात डावीकडे एक बाक आलं असावं, कारण ह्यांनी मला न बोलता जरासं उजवीकडे घेतलं.